दोन आभाळं आणि एक डबा

बपेऱ्यात थेंबभर पाऊस नसतो आणि तरीही नदी फुगते. सकाळी पायाखाली असलेली वाळू संध्याकाळी दिसेनाशी होते, आणि नवखा माणूस वर आभाळाकडे बघत राहतो. चूक त्याच्या डोळ्यांची नसते. तो चुकीच्या आभाळाकडे बघत असतो.

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात, सिहोऱ्याहून पुढे गेलं की बावनथडीच्या काठी हे गाव लागतं. नदीपलीकडे मध्य प्रदेशातला बालाघाट जिल्हा. बावनथडी उगम पावते ती वर सिवनी जिल्ह्यात, कुरईच्या पठारावर. सातपुड्याच्या दक्षिण उतारावरून ती खाली येते आणि पुढे वैनगंगेला मिळते. म्हणजे गावाला दोन आभाळं आहेत. एक डोक्यावरचं, त्यातून धानाच्या बांधीत आणि घरामागच्या सांदवाडीत पाणी पडतं. दुसरं उत्तरेच्या डोंगरांवरचं, त्याचं पाणी नदीतून उशिरा येतं. २०२० च्या ऑगस्टअखेरीस भंडाऱ्याने हे फार महाग शिकून घेतलं. मुसळधार पाऊस झाला तो प्रामुख्याने मध्य प्रदेशात, वैनगंगेच्या वरच्या खोऱ्यात. सिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवराचं पाणी सोडावं लागलं, खाली गोसीखुर्द धरणाचे सगळे ३३ दरवाजे उघडावे लागले आणि मधल्या पट्ट्यातली गावं, घरं, धानाची शेतं पाण्यात गेली.

हवामानाची नोंद ठेवायची आणि त्या नोंदीवर घरची भाजी पिकवायची, तर सुरुवात इथूनच करावी लागते. आपल्याकडे पाऊस येतो कुठून?

शाळेतल्या पुस्तकानं मराठी मनावर एक चित्र पक्कं कोरलेलं आहे. अरबी समुद्रावरून ढग येतात, सह्याद्रीला अडतात, कोकणात कोसळतात आणि पुढे पाऊस कमी कमी होत जातो. चित्र खरं आहे, पण ते पुणे-सोलापुराचं. विदर्भात ते उलटं होतं. बुलढाण्यात वर्षाला सुमारे ७५० ते ८०० मिलिमीटर पाऊस, नागपुरात ११०० च्या आसपास, भंडाऱ्यात साधारण १३००, आणि गडचिरोलीत त्याहूनही जास्त. अरबी समुद्रापासून जितकं लांब जावं तितका पाऊस वाढतो, कारण पूर्व विदर्भाचा खरा पाणीपुरवठा बंगालच्या उपसागरातून होतो. तिथे कमी दाबाची क्षेत्रं तयार होतात आणि ओडिशा, छत्तीसगडमार्गे वायव्येच्या दिशेने सरकतात. राजस्थानपासून उपसागरापर्यंत पसरलेला कमी दाबाचा पट्टा, म्हणजे मान्सूनचा आस, हा त्यांचा रस्ता. आस आपल्या जागी किंवा थोडा दक्षिणेला असला की विदर्भात झड लागते. तो हिमालयाच्या पायथ्याशी जाऊन बसला की मध्य भारतात लांबलचक उघाड पडते. धानाला पाणी हवं असतं नेमकं तेव्हाच ही उघाड येते, असं शेतकरी म्हणतो. हवामानशास्त्र एवढंच सांगतं की ती येते.

या कमी दाबाचा माग अंगणातूनही काढता येतो. बॉयस बॅलट नावाच्या डच शास्त्रज्ञाने १८५७ मध्ये एक साधा नियम मांडला. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं, तर कमी दाबाचं केंद्र डाव्या हाताला असतं. बपेऱ्यात पावसाळ्याचा नेहमीचा वारा पश्चिमेचा किंवा नैर्ऋत्येचा. तो पडला आणि उत्तरेकडून वारा सुटला, तर डावा हात पूर्वेकडे जातो, म्हणजे छत्तीसगडच्या बाजूला काहीतरी शिजतं आहे. वारा वायव्येचा झाला, तर केंद्र ईशान्येला, म्हणजे मध्य प्रदेशाच्या पूर्व भागावर आहे. ही खूण जपून ठेवावी. मान्सूनमधल्या अशा क्षेत्रांचा सर्वात जोरदार पाऊस त्यांच्या नैर्ऋत्य अंगाला पडतो. केंद्र ईशान्येला असणं म्हणजे आपण नेमके त्या अंगाखाली सापडणं. आणि वैनगंगेचं वरचं खोरंही फार लांब नसतं.

एक अडचण मात्र आहे. डोंगराच्या जवळ जमिनीलगतचा वारा प्रामाणिक नसतो. टेकडीला वळसा घालताना, दरीतून वाहताना तो आपली दिशा बदलतो. म्हणून झेंड्याकडे किंवा झाडाच्या शेंड्याकडे न बघता ढगांकडे बघावं. घराच्या कौलाचा किंवा विजेच्या खांबाचा एक कोपरा नजरेत धरायचा आणि मधल्या थरातला ढग त्याच्या कोणत्या बाजूने सरकतो ते दोन मिनिटं पाहायचं. मान तेवढी दुखते.

गावात मात्र पावसाची भाषा नक्षत्रांची आहे, आणि ती तुच्छ लेखण्यासारखी मुळीच नाही. २५ मेच्या सुमारास रोहिणी, म्हणजे विदर्भातला नवतपा. ७-८ जूनला मृग, २१-२२ जूनला आर्द्रा, मग पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा. सूर्य एका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस राहतो, त्यामुळे पावसाळ्याचे आपोआप पंधरवडे पडतात. पेरणी, रोवणी, निंदण यांची बोलीभाषेतली वेळापत्रकं त्यावरच बसवलेली आहेत. पूर्व विदर्भात मान्सून सर्वसाधारणपणे जूनच्या मध्याला पोचतो. म्हणजे मृग निघाल्यावर आठवडाभर वाट बघावी लागते, आणि मृगाच्या पहिल्या सरीवर भुलून टाकलेलं बी बऱ्याचदा वाया जातं. ती सर मान्सूनची नसते, वळवाची असते.

यात एक गंमत दडलेली आहे. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा मंद डोलतो. त्यामुळे सूर्याचा नक्षत्रप्रवेश दर ७२ वर्षांनी सुमारे एक दिवस पुढे सरकतो. ऋतू मात्र सरकत नाहीत, ते अयनाला बांधलेले असतात. आजचं कॅलेंडर मागे नेलं, तर शिवकाळात मृग आजच्यापेक्षा पाचेक दिवस आधी लागत होता आणि वराहमिहिराच्या काळात, सहाव्या शतकात, तीन आठवडे आधी, म्हणजे मेच्या मध्यात. ‘मृगात पेरावं’ हे वाक्य कोणत्या शतकात आणि कोणत्या गावात तयार झालं, यावर त्याचा खरेपणा अवलंबून आहे. नक्षत्राच्या वाहनाबद्दल तर न बोललेलं बरं. बेडूक, म्हैस, हत्ती आले की पाऊस भरपूर, असं पंचांग सांगतं. पण वाहन ठरतं ते सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजून, नऊने भागून उरलेल्या बाकीवरून. त्या भागाकारात वारा, ढग, समुद्राचं तापमान कुठेच येत नाही. बेडूक खरोखर ओरडला तर त्याला काही अर्थ आहे. पंचांगातल्या बेडकाला तो नाही.

पशुपक्ष्यांच्या खुणा मात्र वेगळ्या. आफ्रिकेतून येणारा चातक मान्सूनच्या वाऱ्यांबरोबर मध्य भारतात उतरतो, पावशा मेअखेरीपासून ओरडून जीव नकोसा करतो, बहावा एप्रिल-मेमध्ये पिवळाजर्द लोंबतो. नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलात वनाधिकारी म्हणून आयुष्याची बरीच वर्षं काढलेले मारुती चितमपल्ली यांनी अशी निरीक्षणं मराठी वाचकांच्या घराघरांत नेली. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले, ऐन पावसाच्या तोंडावर. या खुणांचा उपयोग आहे, पण तो अंदाजापेक्षा तुलनेसाठी जास्त. पावशा यंदा कोणत्या तारखेला प्रथम ऐकू आला, गावातला बहावा कधी भरात होता, हे दहा वर्षं लिहून ठेवलं तर अकराव्या वर्षी बोलायला आधार मिळतो. नुसतं ‘यंदा लवकर फुलला’ या म्हणण्याला काही आधार नसतो, कारण मागच्या वर्षीची तारीख कुणालाच आठवत नाही.

आणि म्हणूनच डबा.

पावसाचं माप घेण्याची कल्पना या देशात जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठाराच्या दारात पर्जन्यमापक भांडं ठेवायला सांगितलं आहे आणि प्रदेशाप्रदेशाच्या पावसाची मापं दिली आहेत. गोदावरीच्या बाजूच्या अश्मकासाठी साडेतेरा द्रोण, अवंतीसाठी तेवीस. सरकारी हवामान खातं १८७५ मध्ये सुरू झालं. ते आजही रोज सकाळी साडेआठला चोवीस तासांचा पाऊस मोजतं. घरच्या मापकाला त्यापेक्षा जास्त थाट लागत नाही. तळापासून तोंडापर्यंत सरळ बाजूंचा कोणताही डबा चालतो. तोंड लहान असो की मोठं, साचलेल्या पाण्याची उंची तीच येते. पाण्याची प्लॅस्टिकची बाटली वापरायची असेल तर वरचा गळा कापून उलटा खोचायचा, म्हणजे पाणी उडत नाही आणि वाफ कमी होते. तळाच्या खळग्यांत खडे घालून त्यांवर पाणी ओतायचं आणि ते जिथवर आलं तिथे शून्याची रेघ मारायची. झाडापासून, भिंतीपासून लांब, अंगणाच्या मोकळ्या मधोमध ठेवायचा. शेजारची शेळी डोकं घालणार नाही, याची सोय आपली आपण करायची.

आकडा हातात आला की त्याचं घरगुती भाषांतर सोपं आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. दहा बाय दहा फुटांच्या कवेलूच्या छपरावर ६५ मिलिमीटर पडले, तर वळचणीतून सहाशे लिटरच्या आसपास पाणी जातं. ६५ हा आकडा उगाच घेतलेला नाही. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की सरकारदरबारी त्याला अतिवृष्टी म्हणतात आणि पंचनाम्याची भाषा सुरू होते. मंडळासाठी नोंद एका केंद्राची. डोंगराच्या कुशीत मात्र एका गावात धो धो आणि चार कोसांवर कोरडं, हे नेहमीचं. घरच्या डब्याचा आकडा सरकारी कागदावर चढत नाही, हे खरंच. पण वांग्याला पाणी द्यायचं की नाही, हे ठरवायला कागद लागत नाही.

सांदवाडीचं वर्ष पेरणीने नाही, मातीने सुरू होतं. भंडाऱ्याच्या शेतकऱ्याकडे मातीसाठी नेमके शब्द आहेत: काळी चिकट कन्हार, मध्यम मोरंड, रेताड सिहार, मुरमाड बरडी. घरामागे यातली कोणती आहे, यावर सगळं अवलंबून असतं. नदीकाठच्या सिहारीत पाणी झरझर उतरतं. तिथे जुलैच्या झडीतही मिरची तग धरते, पण चार दिवसांच्या उघाडीत माना टाकते. कन्हारीत नेमकं उलटं, उघाड सोसते आणि झडीत मुळं कुजतात. म्हणून कन्हारीतल्या वाडीत वीतभर उंच वाफे हवेत, आणि वांगी-मिरचीची रोपं तर उंच गादीवरच टाकावीत. ओल साचलेल्या सपाट वाफ्यात इवली रोपं जमिनीलगत मऊ पडून एका रात्रीत आडवी होतात. लोक म्हणतात पावसाने मारली. मारलेलं असतं बुरशीने, पावसाने तिला फक्त अंथरूण घालून दिलेलं असतं.

आणखी एक गोष्ट पुस्तकात सापडत नाही. जुलैत वाडीला सगळ्यात जास्त लक्ष लागतं, आणि नेमके तेच रोवणीचे दिवस असतात. पऱ्हे उपटायचे, चिखल करायचा, दिवसभर बांधीत वाकून उभं राहायचं. संध्याकाळी घरी आलेल्या बाईने मग कारल्याचे वेल बांधत बसावं, ही अपेक्षा शहरातल्या बागकामाच्या सल्लागारांचीच. या भागातल्या वाड्यांत अंबाडी, बरबटी, लवकी, कोहळं दिसतं, त्यामागे हे गणित आहे. ही मंडळी आपलं आपण बघून घेतात. वेल छपरावर चढवून दिला की काम संपलं. शिवाय तरोटा, कुड्याची फुलं, वास्ते, सात्या हा रानातला बगिचा तर कुणी न लावताच उगवतो.

लवकीचा वेल छपरावर भरगच्च पसरतो, फुलं येतात, आणि बोटाएवढी फळं पिवळी पडून गळतात. तक्रार दरवर्षीची आहे, आणि तिचं उत्तर हवामानात आहे. या वेलांना नर आणि मादी फुलं वेगळी असतात. नर आधी येतात, नुसत्या देठावर. मादी फुलाच्या मागे इवलीशी लवकी आधीच तयार असते. पण नराचे परागकण पोचले नाहीत तर ती वाढत नाही, गळते. आता कोहळ्याचं पिवळं फूल पहाटे उमलतं आणि दुपारच्या आत मिटतं. त्याचं काम मधमाश्या करतात. लवकीचं पांढरं फूल संध्याकाळी उघडतं, त्याच्याकडे रात्रीचे पतंग येतात. झडीत पहाटे मधमाशी बाहेर पडत नाही, रात्री पतंग उडत नाही, आणि उरलेले परागकण पाण्याने धुऊन जातात. सतत चार दिवस डब्यात २० मिलिमीटरच्या वर पाणी दिसत असेल, तर हे काम माणसाने करावं. नर फूल खुडायचं, पाकळ्या सोलून टाकायच्या आणि मधला दांडा मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवायचा. कोहळ्याला सकाळी आठच्या आत, लवकीला दिवेलागणीला. एक नर फूल दोन-तीन मादी फुलांना पुरतं. चार दिवसांत फळ हिरवंगार राहून फुगू लागलं की समजावं, जमलं.

दसऱ्यानंतर वाडीचा रंग बदलतो. भेदरं म्हणजे टोमॅटो, सांभार म्हणजे कोथिंबीर, शिवाय मेथी, पालक, वाल. भेदऱ्याची रोपं लोक उगाच दसऱ्यापर्यंत थांबवत नाहीत. रात्रीचं तापमान २१-२२ अंशांच्या वर राहिलं की त्याची फुलं फळ न धरता गळतात. ऑक्टोबरच्या मध्यानंतर आभाळ निवळतं, रात्री उतरू लागतात आणि तोच वेल लगडतो. किमान तापमान दाखवणारा साधा तापमापक सावलीत, छातीच्या उंचीवर टांगला तर हा बदल कोणत्या आठवड्यात होतो, ते कळतं.

डोंगराचं अस्तित्व खरं जाणवतं ते डिसेंबर-जानेवारीत. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडते. तिला चिकटलेली हवा गार होते, जड होते आणि पाण्यासारखी उताराने खाली वाहते. सातपुड्याच्या सोंडांवरून, नाल्यांच्या पात्रांतून ती सखल भागात येऊन साठते. म्हणून पहाटे धुकं नदीकाठी आणि बांध्यांवर असतं, टेकाडावरचं घर मात्र वर डोकं काढून स्वच्छ दिसतं. गावातल्या गावात टेकाडावरची वाडी आणि नाल्याकाठची वाडी यांच्या पहाटेच्या तापमानात दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो. ज्याची वाडी खाली आहे, त्याने पपई आणि मिरची भिंतीच्या दक्षिण अंगाला लावावी. दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब देते. कोवळ्या रोपांवर धानाचं तणस पसरावं आणि थंडीच्या लाटेत संध्याकाळी हलकं पाणी द्यावं. ओली जमीन कोरडीपेक्षा जास्त ऊब धरून ठेवते.

या सगळ्यावर पाणी फिरवतात त्या गारा. फेब्रुवारी-मार्चमध्ये उपसागराकडून आलेली दमट हवा आणि पश्चिमेची कोरडी हवा मध्य भारतावर एकमेकींना भिडतात, त्यात उन्हाने तापलेली जमीन जोर देते, आणि ढग उंच चढतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये अशा गारपिटीने विदर्भासह महाराष्ट्राचा मोठा भाग झोडपला. वाडीला गारांपासून वाचवणं फारसं हातात नाही. माणसाला विजेपासून वाचवणं आहे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजायचे आणि तीनाने भागायचे, तेवढ्या किलोमीटरवर वीज पडली. भागाकार दहाच्या खाली आला की वाडी सोडून घरात. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ हे ॲपही याच कामाचं आहे.

उन्हाळ्यात बाग घरामागून उठून नदीत जाते. वैनगंगेच्या खोऱ्यात पात्र उघडं पडलं की वाळूत डांगरवाडी लागते. खड्डा करून शेणखत घालायचं, ओल हाताला लागेपर्यंत वाळू उकरायची आणि टरबूज, डांगर, काकडीचे वेल लावायचे. वर ४५ अंशांचं ऊन आणि दोन हातांवर गारवा. हवामानाचा इतका नेमका उपयोग करणारी शेती दुसरी नाही, आणि इतकी परावलंबीही. वरच्या धरणातून अवेळी पाणी सुटलं की एका रात्रीत वाडी वाहून जाते.

नुसतं नीट बघण्याने किती होतं, याचं उदाहरण लांब शोधायला नको. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी दादाजी खोब्रागडे नावाच्या अल्पभूधारकाला १९८३ मध्ये आपल्या धानाच्या बांधीत काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला ठेवल्या, वेगळ्या पेरल्या, पुढची वर्षं निवडत राहिले. त्यातून आलेल्या बारीक तांदळाला त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून एचएमटी नाव मिळालं, आणि आज पूर्व विदर्भात ते नाव ठाऊक नसलेलं घर सापडणं कठीण. खोब्रागडे ३ जून २०१८ रोजी वारले. त्यांच्याकडे प्रयोगशाळा नव्हती.

येत्या रोहिणीत एक डबा आणि दोनशे पानी वही काढून ठेवा. वहीत रोज एकच ओळ: तारीख, मिलिमीटर, वाऱ्याची दिशा, वाडीत काय लावलं किंवा तोडलं. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहा, जागा कोरी सोडू नका. कोरी जागा म्हणजे पाऊस नव्हता की आपण विसरलो, हे नंतर कळत नाही. आणि साडेआठला मोजून झालं की डबा पालथा करायला विसरू नका. नवशिक्याच्या वहीत दुसऱ्या दिवशीचा आकडा चुकतो तो बहुतेक वेळा यामुळेच.